नवं लिव्हर, जुने पाय: ट्रान्सप्लांटनंतर व्यायाम कोणत्या क्रमानं सुरू करायचा

मुंबईहून किंवा पुण्याहून ट्रान्सप्लांट करून माणूस घरी येतो. ओसरीतली खाट आत घेतलेली असते, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि जो तो एकच सांगतो, “जिभाऊ, बठी ऱ्हाय, हालू नको.” जिभाऊ बसून राहतात. चार महिन्यांनी माझ्याकडे येतात तेव्हा एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची इजा दाखवणारा रक्तातला आकडा, अगदी चांगला असतो, पण हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही.

दुसरी जात याच्या उलट. रिपोर्ट चांगला आला म्हणजे माणूस बरा झाला, असा हिशोब. यावल तालुक्यातले एक बागायतदार सातव्या आठवड्यात केळीची कापणी बघायला गेले, मजूर कमी पडला म्हणून एक घड खांद्यावर घेतला. टाक्यांच्या रेषेवर लिंबाएवढा फुगवटा आला आणि वर्षभरानं हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं.

मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा क्रमाची असते. लिव्हर नवं बसवलं तरी पाय, पाठ आणि पोटाची भिंत आजारपणात झिजलेली जुनीच असते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं तेव्हा, शरीर स्वतःचे स्नायू खात असतं आणि ऑपरेशननंतरची स्टेरॉइडची गोळी मांड्या-खांद्यांचे स्नायू आणखी सैल करते. म्हणून आधी श्वास, मग उठणं, मग मिनिटं, मग पाय, मग अंतर आणि सगळ्यात शेवटी वजन. खालचे आठवडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जननं वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

## तयारी: पहिलं पाऊल टाकण्याआधी

तारीख नीट लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑपरेशनच्या दिवसाभोवती गोल करा. आठवडे तिथून मोजायचे. बरेच जण घरी आल्याच्या दिवसापासून मोजतात. कुणी हॉस्पिटलजवळ दोन महिने खोली घेऊन राहिलेलं असतं, कुणी तिसऱ्या आठवड्यातच घरी येतं, त्यामुळे हिशोब कुठल्या कुठे जातो. मध्ये पुन्हा पोट उघडावं लागलं असेल तर मोजणी त्या दिवसापासून नव्यानं.

सुटी मिळतानाच चार प्रश्न विचारून घ्या. किती किलोपर्यंत उचलायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत? पोटाचा पट्टा बांधायचा का, कधी काढायचा? दिवसाला पाणी किती? बीपीच्या गोळ्यांमध्ये नाडी मंदावणारी गोळी आहे का? ती चालू असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवरून व्यायामाचा जोर ठरवता येत नाही. उत्तरं डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून आणा. “नंतर फोन करू” म्हणणाऱ्यांचा फोन राहूनच जातो.

घरात हे ठेवा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची. प्लास्टिकची नको, ती मागे सरकते. बीपीचं यंत्र, थर्मामीटर, वजनकाटा. मागून बंद आणि तळ न घसरणारे बूट. खाली बसायचा संडास असेल तर पहिले दोन-तीन महिने वर ठेवायची कमोडची खुर्ची. यात लाजण्यासारखं काही नाही. उकिडवं बसून जोर केला की सगळा दाब टाक्यांवर येतो.

एक वही. तारीख, वजन, सकाळचं बीपी, किती मिनिटं चाललो, झोप. एवढंच. दहा रकान्यांची वही चौथ्या दिवशी बंद पडते.

गोळ्यांची वेळ आधी, व्यायामाची नंतर. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेली गोळी, बहुतेकांना बारा-बारा तासांनी घ्यायची असते. सकाळी फिरायच्या नादात नऊची गोळी अकराला गेली, असं होऊ देऊ नका. रक्तातली तिची पातळी तपासायची असेल त्या दिवशी रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नाही.

> तपासा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर, टाक्यांतून पू किंवा पाणी, रात्रभर उलट्या-जुलाब. यातलं काहीही असेल तर आज व्यायाम नाही, आधी हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन.

## १. खाटेवरून उठणं आणि श्वास

हा टप्पा हॉस्पिटलात सुरू होतो, पण घरी आल्यावर सगळे विसरतात. माणूस पूर्वीसारखा सरळ पाठीवरून झटका देऊन उठतो, नाहीतर मुलगा दोन्ही हात धरून ओढतो. दोन्ही चूक. आडव्या चिऱ्यात पोटाचे स्नायू कापून शिवलेले असतात आणि सरळ उठताना सगळा ताण त्याच शिवणीवर पडतो.

उठायची रीत अशी. गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून ओंडका लोळवावा तसे पूर्ण कुशीवर या. पाय खाटेखाली सोडा. खालच्या कोपरानं आणि वरच्या तळहातानं गादी दाबत, तोंडानं श्वास सोडत बसते व्हा. बसल्यावर मिनिटभर थांबा, चक्कर येत नाही ना ते बघा, मग उभे राहा. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा लावून उंच करा. जमिनीवरची गादी सध्या नको.

श्वासासाठी स्पायरोमीटर दिलेलं असतं, श्वास आत ओढला की प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर चढतात ते यंत्र. नातवंडं त्याच्याशी खेळतात, पेशंट बघतो. जागेपणी दर तासा-दोन तासांनी दहा वेळा, बसून, सावकाश आत ओढा. गोळी झटक्यात वर उडवण्यापेक्षा ती वर तरंगत ठेवणं महत्त्वाचं. खोकला आला की पोटावर उशी धरून, पुढे वाकून खोका. दाबून धरलेला खोकला फुप्फुसात कफ साठवतो.

पडल्या पडल्या पावलं वर-खाली करा, तासाला वीस वेळा. पिंढरीत रक्त साकळू नये म्हणून. मुंबईला तपासणीला जाताना रेल्वेतही हेच करा, आणि दीड-दोन तासांनी उठून डब्यात चार पावलं चाला.

> चेतावणी: कपालभाती, भस्त्रिका, नौकासन, भुजंगासन आणि सूर्यनमस्कार या काळात पूर्ण बंद. “प्राणायामच तर आहे” म्हणून कपालभाती सुरू केलेले पेशंट मी दर वर्षी बघतो. तो पोटाला मारलेला झटकाच असतो. साधा दीर्घ श्वास आणि अनुलोम-विलोम चालतं, श्वास रोखून न धरता.

## २. मिनिटं मोजा, किलोमीटर नाही

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. अंगणात, गच्चीवर, घरातल्या घरात. दर दोन दिवसांनी एकेका फेरीत मिनिटभर वाढवा. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास वीस मिनिटं सलग जमली तर गाडी रुळावर आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे एकदम लांब जाणं. जाताना उत्साह असतो, येताना पाय लटपटतात, रिक्षा करावी लागते आणि पुढचे तीन दिवस खाट. म्हणून सुरुवातीला घरापासून दूर न जाता फेऱ्याच मारा, म्हणजे थकलात तरी घर दहा पावलांवर असतं.

जोर किती लावायचा याचं माप सोपं आहे. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा. आरामात गाता येत असेल तर थोडा वाढवा.

थकवा ही या माणसांची सगळ्यात मोठी तक्रार असते, आणि ती महिनोन् महिने टिकते. रिपोर्ट चांगला असूनही येते, म्हणून घरच्यांना ती नाटकी वाटते. तसं नाही. हिमोग्लोबिन कमी असणं, झोप मोडणं, स्टेरॉइड, झिजलेले स्नायू, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. दुपारी अर्धा तास झोपा, पण दिवसभर पडून राहू नका. पडून राहिल्यानं हा थकवा वाढतो. वहीत एक नियम लिहून ठेवा: आजच्या चालण्याचा शीण उद्या सकाळपर्यंत उतरला नाही, तर उद्या निम्मं.

साखर वाढणं इथं सर्रास दिसतं, कारण स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस दोन्ही तिला वाढवतात. इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी साखर बघा. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. खिशात साखरेची पुडी असू द्या.

## ३. पायांची ताकद: इथं घाई नको, पण टाळूही नका

माझ्या मते हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच सगळे गाळतात. “रोज तासभर फिरतो ना” म्हणतात. फिरण्यानं दम वाढतो, मांडी भरत नाही. मांडी भरली नाही तर जमिनीवरून उठणं, एसटीची पायरी चढणं, देवळाच्या पायऱ्या, सगळं अडतं. आणि जगणं सुधारलं की नाही हे माणूस तिथंच मोजतो, रिपोर्टच्या कागदावर नाही.

साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, टाके कोरडे असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर, एक दिवस सोडून हे करा:

१. खुर्चीतून उठ-बस. पाय खांद्याएवढे फाकलेले, हात छातीवर दुमडलेले. उठताना श्वास सोडा, बसताना घ्या. धपकन बसू नका. पाच वेळा, मिनिटभर विसावा, पुन्हा पाच. हाताशिवाय जमत नसेल तर बैठकीखाली घट्ट घडी केलेली घोंगडी ठेवून उंची वाढवा आणि आठवड्यागणिक एकेक घडी काढा.

२. टाचा उचलणं. ओट्याला किंवा भिंतीला हात टेकवून दहा वेळा.

३. एक पायरी चढ-उतार. कठडा धरून, दोन्ही पायांनी आलटून पालटून.

४. भिंतीला हात टेकवून दंड. आठव्या आठवड्यानंतर. जमिनीवरचे दंड नकोत.

प्रत्येक प्रकारात श्वास रोखला की पोटातला दाब वाढतो. मी पेशंटना मोठ्यानं आकडे मोजायला लावतो. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.

> तपासा: दर पंधरा दिवसांनी, तीस सेकंदांत हाताशिवाय किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. साठीच्या आसपासच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ जमायला हव्यात. सुरुवातीला चार आल्या तर चारच लिहा. आकडा तीन वेळा वाढलाच नाही तर खाणं तपासा.

खाण्याबद्दल थोडं. स्नायू व्यायामानं मागणी करतो, बांधला जातो प्रथिनांनी. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७० ते ९०. किडनीला त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे यासाठी दूर जावं लागत नाही. कळण्याच्या भाकरीत उडीद असतोच, जोडीला घट्ट वरण, नीट उकडलेली अंडी, घरी उकळलेल्या दुधाचं ताजं दही, पनीर. वरण-बट्टीत वरण जास्त, बट्टीवरचं तूप कमी. नुसती शेवभाजीची तर्री आणि पोळी यावर मांडी भरणार नाही. भरीत चालतं, पण भरीत पार्टीतली उघड्यावरची कच्ची कांदापात आणि काकडी पहिले काही महिने नको.

आणि केळी. रावेर-यावलच्या माणसाला केळी मोजून खा म्हणणं जिवावर येतं. पण टॅक्रोलिमसनं रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि केळी व नारळपाणी दोन्हींत ते भरपूर असतं. शेवटच्या रिपोर्टात पोटॅशियम किती आहे ते बघून डॉक्टरांना विचारा. व्यायाम झाला की दोन केळी, ही गावातली सवय आंधळेपणानं चालू ठेवू नका. पपनस, चकोतरा मात्र साफ बंद. त्यानं गोळीची रक्तातली पातळी चढते.

> चेतावणी: ताकदीसाठी गुळवेल, काढे, जिममधली पावडर, अनोळखी भस्म यांतलं काहीही नको. गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते, तर तुमच्या गोळ्या तिला मुद्दाम दाबून ठेवतात. शिवाय गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. गुडघे दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, किडनीवर घाला पडतो.

## ४. अर्धा तास सलग

तिसरा महिना संपताना अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याला १५० मिनिटं हे सर्वसामान्य माणसाचंच माप आहे आणि तेच तुमचंही. याच काळात भूक खवळते, स्टेरॉइडनं वजन चढतं. आठवड्याचं वजन वहीत लिहीत राहा. पुढच्या वर्षांत या माणसांना साखर, बीपी आणि हृदयविकाराचा धोका मोठा असतो, लिव्हर कितीही चांगलं चाललं तरी.

जागा आणि वेळ सांभाळा. जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांच्या घरात जातो. मार्च ते जून सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातच फेऱ्या. घाम जाऊन पाणी कमी पडलं की टॅक्रोलिमसनं आधीच ताणलेली किडनी आणखी ताणली जाते. ऊन कुठल्याही ऋतूत टाळा, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण या गोळ्यांनी त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरायला हरकत नाही, पण गर्दीच्या वेळी मास्क. कबुतरांची विष्ठा साचलेली जागा, उडणारा भुसा, कुट्टीचं यंत्र, शेणाचा उकिरडा यांपासून लांब. त्यातली बुरशी तुमच्या फुप्फुसाला झेपणारी नाही. कूलर वापरत असाल तर टाकीतलं पाणी रोज बदला, दर आठवड्याला टाकी घासा.

## ५. वजन: बारा आठवड्यांनंतरच

पहिले बारा आठवडे ४-५ किलोच्या वर काही नाही. हे माप ऐकून लोक मान डोलावतात आणि बादली उचलतात, म्हणून नावानिशी सांगतो. भरलेली कळशी नाही. दुधाचा कॅन नाही. नातू नाही, त्याला मांडीवर दुसऱ्यानं आणून बसवायचं. गॅसची टाकी, जी भरलेली ३० किलोच्या आसपास असते, ती तर वर्षभर सरकवायचीही नाही. मोटरसायकलला किक मारणं आणि डबल स्टँडवर चढवणं हेही वजनच आहे.

पट्टा बांधला म्हणजे वजन चालतं, हा गैरसमज दूर करा. पट्टा आधार देतो, शिवण पक्की करत नाही.

बारा आठवड्यांनंतर सर्जननं पोट हातानं तपासून हो म्हटलं, तर एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्यांनी सुरुवात. कोपर वाकवणं, बाजूला हात उचलणं, खुर्चीवर बसून डोक्यावर नेणं, प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस. सहज बारा-पंधरा वेळा जमलं की अर्धा किलो वाढवा. पोटाचे क्रंचेस सहा महिन्यांपर्यंत विसरा. त्याऐवजी पाठीवर पडून, गुडघे वाकवून, कंबर हलके वर उचला.

> तपासा: खोकताना किंवा उठताना टाक्यांच्या रेषेवर तळहात ठेवा. हाताला काही फुगून लागलं तर वजन बंद आणि सर्जनची वेळ घ्या.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. नव्यानं वजनाचा व्यायाम केला की स्नायूंतून एसजीओटी (लिव्हरच्याच रिपोर्टातला दुसरा आकडा) रक्तात येतो, कधी एसजीपीटीही, आणि तो काही दिवस वाढलेला राहू शकतो. रक्त द्यायच्या आधीच्या चार-पाच दिवसांत नवा किंवा जड व्यायाम करू नका. केलाच असेल तर डॉक्टरांना सांगा. नाहीतर नवं लिव्हर शरीरानं नाकारलं की काय या भीतीनं सगळ्या घराची झोप उडते. पण वाढलेला आकडा घरच्या घरी “व्यायामामुळेच असेल” म्हणून सोडून देणं त्याहून वाईट. निवाडा डॉक्टरांचाच.

## ६. दुकान, शेत, संसार

बसून काम असेल तर साधारण तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसानं सुरुवात. गाडी चालवणं दोन महिन्यांनंतर. हात थरथरत असतील तर थांबा, टॅक्रोलिमसनं तसं होतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी तीन महिन्यांआधी नको.

शेतात जायला बंदी नाही, क्रम आहे. आधी बांधावरून चक्कर, मग ठिबकच्या नळ्या बघणं, उभ्यानं कापूस वेचणं. बूट आणि हातमोजे घालूनच. फवारणीचा पंप, युरियाची ४५ किलोची गोणी आणि केळीचा घड यांचं काम कायमचं दुसऱ्याकडे गेलं असं समजा. सहा महिन्यांनी अंगात जोर आला तरी घड २०-२५ किलोचा असतो आणि तो वाकड्या अंगानं उचलला जातो.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो: पायऱ्या चढून दम लागत नसेल आणि टाके भरले असतील तर साधारण दोन महिन्यांनी हरकत नसते, डॉक्टरांना विचारून. दिवस राहण्याचा विचार मात्र निदान वर्षभरानंतर, आणि गोळ्या बदलून घेतल्यावरच. मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असताना गर्भाला धोका असतो.

आणि घरात दुसरं एक पोट कापलेलं माणूस असू शकतं. आपल्याकडे लिव्हरचा तुकडा देणारी बरेचदा बायको, बहीण किंवा मुलगी असते. तिचं लिव्हर काही आठवड्यांत भरून येतं म्हणून तिला तिसऱ्या आठवड्यात चुलीपुढे बसवतात, हंडा भरायला लावतात. वजनाचा नियम तिलाही तोच. उठायची रीत तीच. भेटायला येणाऱ्यांच्या चहाचं काम दुसऱ्या कुणाला द्या.

## थांबायचं कधी

चालताना छातीत दुखणं किंवा भोवळ. एकाच पायाची पिंढरी सुजून दुखणं. अचानक धाप. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका. ताप, तो एकदाच आला आणि गोळीशिवाय उतरला तरी. दोन दिवस जुलाब. त्यानं टॅक्रोलिमसची पातळी चढते आणि व्यायाम केल्यास पाणी आणखी कमी पडतं.

छाती, धाप किंवा पिंढरी यांतलं काही असेल तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात लगेच जा आणि वाटेतून कोऑर्डिनेटरला फोन लावा. बाकीच्यात फोन आधी. मुंबईची गाडी पकडायच्या आधी तातडीच्या रक्ततपासण्या जळगावात, धुळ्यात होतात. कोणत्या करायच्या ते फोनवर लिहून घ्या आणि वही सोबत न्या. रात्री दोनला ताप आला तर सकाळची वाट बघू नका.